नवीन गाडीला पीपीएफ, सिरॅमिक कोटिंग आणि काचेची फिल्म: करावी की नको, कसं ठरवायचं?

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आम्ही घरची पहिली नवीन कार बुक केली. किंमत ठरली, लोन मंजूर झालं आणि शेवटच्या दिवशी सेल्समनने एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर 'प्रोटेक्शन पॅकेज' असं लिहिलं होतं. पीपीएफ, सिरॅमिक कोटिंग, हीट कंट्रोल फिल्म असं सगळं मिळून आकडा चाळीस हजारांच्या पुढे. "सर, आजच घेतलं तर लोनमध्ये टाकता येईल, महिन्याला कळणारही नाही." बाबा शांतपणे म्हणाले, "पीपीएफ तर माझं पोस्टात आहे की!"

हसू आलं, पण खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पीपीएफ आणि सिरॅमिक कोटिंगमधला फरक नीट सांगता आला नसता. आम्ही त्या दिवशी "नंतर बघू" म्हणालो. मग काही संध्याकाळी बसून मी हे प्रकरण समजून घेतलं. या लेखात तेच सोप्या भाषेत मांडलंय. वाचून झाल्यावर तुमच्या गाडीला यातलं काय हवं आणि काय नको, हे तुम्हाला स्वतःला ठरवता यावं एवढाच उद्देश.

आधी एक हिशेब. ४०,००० रुपये ९ टक्के व्याजाने ५ वर्षांच्या लोनमध्ये टाकले तर हप्ता साधारण ८३० रुपयांनी वाढतो आणि एकूण भरणा होतो जवळपास ४९,८०० रुपये. म्हणजे महिन्याला कळत नाही, पण पाच वर्षांनी जवळपास दहा हजार रुपये व्याज गेलेलं असतं.

गाडीचा पेंट नेमका कसा असतो?

पत्र्यावर एकच रंग मारलेला नसतो, त्यावर थर असतात. खालून वर असे:

१. इलेक्ट्रोकोट: संपूर्ण बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने बसवलेला थर. गंजापासून खरं संरक्षण हा देतो.
२. प्रायमर: पृष्ठभाग सपाट करतो, वरच्या रंगाला पकड देतो.
३. बेस कोट: आपल्याला दिसतो तो रंग.
४. क्लिअर कोट: सगळ्यात वरचा पारदर्शक थर. चमक याची, आणि ऊन-पावसाचा मारही हाच खातो.

हे चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे तुमच्या गाडीची चमक केसापेक्षाही पातळ थरावर उभी आहे. 'पॉलिश' करताना हाच थर थोडा घासून काढला जातो, म्हणून दर सहा महिन्यांनी मशीन पॉलिश करणं म्हणजे गाडीची सेवा नव्हे, झीज आहे.

या थराचं नुकसान कशाने होतं?

संरक्षण घेण्याआधी ते कशापासून हवंय हे बघू. आपल्याकडे नेहमी दिसणारी कारणं अशी:

- बारीक गोल ओरखडे: उन्हात गाडीकडे बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं ते. याला स्वर्ल मार्क्स म्हणतात.
- पाण्याचे डाग: बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी गाडीवर वाळलं की मागे क्षार राहतात.
- पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक: उन्हात तसंच राहिलं तर क्लिअर कोटवर कायमचा डाग पडू शकतो.
- खड्यांचे टवके: हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा बॉनेटवर बसतो तेव्हा.
- खरचटणं: पार्किंगमध्ये दुचाकीचं हँडल, शेजारच्या गाडीचं दार, मुलांची सायकल.
- ऊन: वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या गाडीचा रंग निस्तेज होतो.

यातलं पहिलं कारण सगळ्यात जास्त गाड्यांवर दिसतं आणि त्याचा उगम बहुतेक वेळा आपल्याच सोसायटीत असतो. सकाळी सहा वाजता एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. त्या फडक्यात आधीच्या सगळ्या गाड्यांची धूळ असते. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. दादांचा दोष नाही, वीस गाड्यांच्या पैशात तेवढंच शक्य असतं. पण रोज हलकासा सँडपेपर फिरवल्यासारखं ते काम आहे.

पर्याय एक: वॅक्स आणि 'टेफ्लॉन कोटिंग'

वॅक्स हा जुना, स्वस्त आणि प्रामाणिक उपाय. पाचशे-हजार रुपयांच्या डब्यात घरच्या घरी अनेक वेळा लावता येतं. चमक येते, पाणी घरंगळतं. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत निघून जातं. ओरखडे थांबवत नाही.

'टेफ्लॉन कोटिंग' हे नाव ऐकून आपल्याला तवा आठवतो आणि वाटतं, वा, काही चिकटणारच नाही! पण तव्यावर टेफ्लॉन घट्ट बसवायला तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. तुमची गाडी काही भट्टीत जात नाही. या नावाखाली गाडीवर जे लावतात ते बहुधा एक पॉलिमरचं पॉलिश असतं. काही महिने टिकतं. त्याला वॅक्सपेक्षा थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, पण पाच-सहा हजार रुपये देण्यासारखं त्यात काही नाही.

पर्याय दोन: सिरॅमिक कोटिंग

हे द्रव रूपात येतं. त्यात मुख्यतः सिलिकावर आधारित रसायन असतं. क्लिअर कोटवर पुसून लावलं की ते घट्ट होतं आणि काचेसारखा एक पातळ थर तयार होतो. किती पातळ? साधारण एक-दोन मायक्रॉन, अनेकदा त्याहूनही कमी.

फायदे खरे आहेत. पाणी थेंब होऊन घरंगळतं, धूळ-चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं, रंग खोल आणि चकचकीत दिसतो. पक्ष्यांची विष्ठा पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो.

पण काय होत नाही तेही बघा. एक-दोन मायक्रॉनचा थर खड्याला थांबवू शकत नाही. किल्लीचा ओरखडा थांबत नाही. वाळूने भरलेल्या फडक्याचे ओरखडे थोडे कमी होतील, बंद होणार नाहीत. आणि जड पाण्याचे डाग? तेही पडतात. थेंब सुंदर उभे राहतात आणि तिथल्या तिथे वाळून क्षाराची गोल रांगोळी काढतात.

जाहिरातीत '९एच हार्डनेस' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ऐकायला हिऱ्याच्या जवळचं वाटतं, कारण शाळेत आपण मोह्‌स मापनश्रेणी शिकलोय आणि तिच्यात हिरा १० वर असतो. पण हे ९एच त्या श्रेणीतलं नाही. ती पेन्सिलची श्रेणी आहे! वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ठराविक कोनात ओढून बघतात, त्यातली सगळ्यात कठीण पेन्सिल ९एच. अर्थ एवढाच की त्या पेन्सिलने ओरखडा पडला नाही. धुळीतले सिलिकाचे कण पेन्सिलच्या शिशापेक्षा बरेच कठीण असतात. '१०एच' लिहिलेलं दिसलं तर थेट समजा की पुढची वाक्यंही त्याच ताकदीची असणार.

खर्च शहर, गाडीचा आकार आणि ब्रँडप्रमाणे बदलतो, पण साधारण १२ ते ३० हजार रुपये धरा. टिकणं दोन-तीन वर्षं, तेही नीट धुतलं तर.

पर्याय तीन: पीपीएफ

पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. मोबाईलच्या स्क्रीन गार्डचा मोठा भाऊ समजा. ही टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म असते, जाडी १५० ते २०० मायक्रॉन. म्हणजे तुमच्या अख्ख्या पेंटपेक्षा जाड.

खड्याचा मार ही फिल्म स्वतः सोसते. फडक्याचे बारीक ओरखडे तिच्यावर पडतात, पेंटवर नाही. चांगल्या फिल्मच्या वरच्या थराला 'सेल्फ हीलिंग' गुण असतो. उन्हाने किंवा गरम पाण्याने तो थर सैल होऊन बारीक रेघा भरून येतात. ही जादू बारीक रेघांपुरतीच. किल्लीने फिल्म फाटली तर ती भरून येत नाही, तो तुकडा बदलावा लागतो.

इथे फसवणुकीची जागा अशी आहे की पीपीएफच्या नावाखाली पीव्हीसीची स्वस्त फिल्मही विकली जाते. मग 'टीपीएच' हे नावही ऐकाल, तीही मुळात पीव्हीसीच्याच जातीची, मऊ केलेली. ती लवकर पिवळी पडते, कडक होते, आणि काढताना त्रास देते. पांढऱ्या गाडीवर पिवळी पडलेली फिल्म कशी दिसते ते एकदा बघाच. त्यामुळे पहिला प्रश्न 'किती वर्षांची वॉरंटी' हा नसून 'मटेरियल टीपीयू आहे का' हा असला पाहिजे.

संपूर्ण गाडीचा खर्च साधारण ६० हजारांपासून दीड लाखापर्यंत, कधी त्याहूनही जास्त. ९०,००० रुपये धरले आणि फिल्म पाच वर्षं टिकली, तर महिन्याला १,५०० रुपये. समोर ठेवून बघा, एक पॅनल चांगल्या ठिकाणी पुन्हा रंगवायला काही हजार रुपये लागतात. सहा-सात लाखांच्या गाडीला लाखाची फिल्म हा हिशेब बहुतेकांसाठी जमत नाही.

मधला रस्ता आहे. खडे लागतात ते बहुतेक पुढच्या बंपरला, बॉनेटच्या पुढच्या भागाला आणि आरशांच्या कव्हरला. नखांचे ओरखडे पडतात दाराच्या हँडलमागच्या खोबणीत. सामान घासतं डिकीच्या उंबऱ्यावर. फक्त एवढ्याच जागी पीपीएफ लावता येते. तिला पार्शियल पीपीएफ म्हणतात आणि ती पूर्ण गाडीच्या तुलनेत बरीच स्वस्त पडते. रोज एक्सप्रेस वेवरून जाणाऱ्याला माझ्या मते हा सगळ्यात शहाणा पर्याय आहे.

आता काचा: आधी कायदा, मग ऊन

आपल्याकडे उकाडा खरा आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याच्या लोकांना तर हे सांगायलाच नको. बाहेर ४० अंश असताना उन्हात बंद उभ्या गाडीत ६० च्या वर तापमान जाऊ शकतं. म्हणून फिल्म लावावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण इथे दुकानदार जे सांगत नाहीत ते आधी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. या प्रमाणाला व्हिजिबल लाइट ट्रान्समिशन, म्हणजे व्हीएलटी म्हणतात. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात म्हटलं की ही टक्केवारी कंपनीतून आलेल्या काचेचीच असली पाहिजे. वरून कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा इतर काही चिकटवायचं नाही. झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या वाहनांपुरता अपवाद ठेवला.

पुढे नियम १०० मध्येच बदल झाला. १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग' म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही नियमात बसू लागली, पण व्हीएलटीची ७० आणि ५० ची अट कायम राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या बदलाच्या आधारे म्हटलं की अट पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. दुकानात तुम्हाला हाच निकाल मोबाईलवर दाखवतील. लक्षात ठेवा, तो केरळच्या न्यायालयाचा आहे. महाराष्ट्रातले वाहतूक पोलीस फिल्मवर कारवाई करतात आणि चौकात उन्हात उभं राहून कायद्याचा अर्थ समजावणं सोपं नसतं. फिल्म लावायचीच असेल तर हा धोका गृहीत धरूनच.

व्हीएलटीचा गुणाकार

आता गंमत बघा. केरळचा निकाल मान्य करून चालू. दुकानदार म्हणतो, "सर, ही ५० टक्केवाली फिल्म आहे, एकदम लीगल." खरंच?

कंपनीची काच स्वतःही सगळा प्रकाश सोडत नाही. तिच्यात हलकी हिरवट छटा असते. समजा तुमच्या काचेची व्हीएलटी ७७ टक्के आहे. फिल्म लावल्यावर दोन्ही टक्केवारींचा गुणाकार होतो:

- ७७ टक्के काच आणि ५० टक्के फिल्म: ०.७७ × ०.५० = साधारण ३८ टक्के. बाजूच्या काचेसाठी बेकायदा.
- ७७ टक्के काच आणि ७० टक्के फिल्म: ०.७७ × ०.७० = साधारण ५४ टक्के. बाजूच्या काचेत बसते.
- ७७ टक्के काच आणि ९० टक्के फिल्म: ०.७७ × ०.९० = साधारण ६९ टक्के. पुढच्या काचेसाठी जवळजवळ पारदर्शक फिल्मसुद्धा नापास!

म्हणजे नियमाचा सगळ्यात उदार अर्थ लावला तरी पुढची आणि मागची काच बहुतेक गाड्यांत विसरायची. उरल्या बाजूच्या चार काचा, आणि त्यांनाही ७० च्या आसपासची हलकी फिल्म.

ही अट फक्त दंडापुरती नाही. रात्री घाटात तुम्ही मागचं कशात बघता? बाहेरच्या आरशात. आणि तो आरसा दिसतो बाजूच्या काचेतूनच. ३८ टक्के प्रकाशात विनालाइटची सायकल किंवा काळा शर्ट घातलेला माणूस किती दिसेल? दुकानात दुपारी दोन वाजता फिल्मच्या आरपार बघून ठरवू नका, अंधार पडल्यावर बघा. आमच्याकडे बाबांना नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना ऊन खुपायचं म्हणून काळी फिल्म हवी होती. पण गाडी तेही चालवणार, तीही संध्याकाळनंतर. तिथेच आमची काळी फिल्म बाद झाली.

'९९ टक्के हीट रिजेक्शन' म्हणजे काय?

सूर्याच्या ऊर्जेत ढोबळमानाने ५ टक्के अतिनील किरण, ४५ टक्क्यांच्या आसपास दिसणारा प्रकाश आणि साधारण निम्मा भाग अवरक्त किरण म्हणजे इन्फ्रारेड असतो. दुकानात एक लाल दिवा लावतात, फिल्मच्या मागे तुमचा हात धरायला सांगतात आणि हाताला काहीच गरम लागत नाही. तो दिवा मुख्यतः इन्फ्रारेड सोडतो आणि फिल्म तेवढंच अडवते. शिवाय '९९ टक्के आयआर' हा आकडा बऱ्याचदा इन्फ्रारेडच्या एका छोट्या पट्ट्यातच मोजलेला असतो.

तुम्ही विचारा टीएसईआर. म्हणजे सूर्याच्या एकूण ऊर्जेतली किती टक्के अडते. ७० च्या आसपास व्हीएलटी असलेल्या चांगल्या सिरॅमिक फिल्मचा टीएसईआर साधारण ४० ते ५० च्या घरात असतो. ९९ आणि ४५ मध्ये किती फरक आहे ते तुम्हीच बघा. तरी ४५ सुद्धा वाईट नाही. चालत्या गाडीत हाताला-मानेला लागणारा चटका नक्की कमी होतो आणि एसीला थोडा आराम मिळतो.

पण उन्हात दोन तास उभ्या गाडीला याचा फार उपयोग होत नाही. सगळ्यात जास्त ऊन येतं पुढच्या मोठ्या काचेतून, आणि तिथे तर फिल्म लावता येत नाही. तिथे कामाला येतो तीन-चारशे रुपयांचा घडीचा चंदेरी सनशेड. गाडी उभी केली की लावायचा, निघताना काढायचा. बसल्यावर आधी दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी, आणि गार झाल्यावर रीसर्क्युलेशन.

अतिनील किरणांबद्दल: पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असते आणि ती जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. बाजूच्या काचा साध्या टफन्ड असतात, त्या थोडे सोडतात. म्हणून रोज तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात जास्त रापतो. बऱ्याच नव्या गाड्यांत 'यूव्ही कट' काचा येतात. तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा, कदाचित ज्यासाठी पैसे देणार आहात ते आधीच मिळालेलं असेल.

फिल्मचे प्रकार आणि फास्टॅग

- डाय केलेली फिल्म: स्वस्त, फक्त काळी दिसते. काही वर्षांत जांभळी पडते, फुगे येतात. उष्णता फारशी अडवत नाही.
- मेटलाइज्ड फिल्म: धातूचा थर असतो. उष्णता चांगली अडवते, पण रेडिओ लहरीही अडवते. जीपीएस, मोबाईल नेटवर्क आणि फास्टॅगला त्रास. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झवर चालतो आणि काचेवर धातू असेल तर टोलनाक्यावर तो वाचलाच जात नाही.
- सिरॅमिक फिल्म: धातूविना, हलक्या छटेतही उष्णता अडवते. महाग, पण घ्यायचीच तर हीच. चार बाजूंच्या काचांना ब्रँडनुसार काही हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत.

तुमच्यासाठी काय? स्वतःला हे पाच प्रश्न विचारा

१. गाडी रात्री आणि दिवसा कुठे उभी असते? झाकलेलं पार्किंग असेल तर निम्मी गरज तिथेच संपते.
२. महिन्यात हायवेवर किती? आठवड्यातून दोन-तीनदा असेल तर पार्शियल पीपीएफचा विचार करा. फक्त ऑफिस-घर असेल तर नको.
३. गाडी कोण धुतं आणि कशाने? याचं उत्तर 'तेच फडकं' असेल तर कोटिंगचे पैसे वाया.
४. गाडी किती वर्षं ठेवणार? तीन वर्षांत विकणार असाल तर महाग पीपीएफचे पैसे विक्रीत परत येतील अशी आशा ठेवू नका. दहा वर्षं ठेवणार असाल तर चित्र वेगळं.
५. ओरखडा दिसला की झोप उडते का? हसू नका, हा खरा प्रश्न आहे. काहींसाठी मनःशांतीला किंमत असते. फक्त ती मनःशांती लोनवर घेऊ नका.

उदाहरणं घेऊ. पुण्यात बेसमेंट पार्किंग, रोज दहा किलोमीटर: वॅक्स आणि नीट धुणं पुरे. मुंबई-पुणे नियमित प्रवास: पार्शियल पीपीएफ. विदर्भात उघड्यावर उभी गाडी: सिरॅमिक कोटिंग चालेल, सनशेड हवाच, बाजूच्या काचांचा निर्णय कायद्याचा धोका समजून. कोकणात समुद्राजवळ: खाली साचणारं मीठ आणि चिखल नियमित धुणं महत्त्वाचं, पीपीएफ वरचा पेंट वाचवते, खालचा गंज नाही.

करायचं ठरलं तर ही यादी जवळ ठेवा

- डिलिव्हरीच्या दिवशीच करायची गरज नाही. कारखान्यातला पेंट भट्टीत पक्का झालेला असतो. महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही, चार ठिकाणी दर विचारता येतात. मुहूर्ताच्या गर्दीत घाईने केलेल्या कामात धुळीचे कण आत राहतात.
- गाडी नावावर होण्याआधी यार्डात जाऊन उजेडात पेंट बघा. आधीचे ओरखडे कोटिंगखाली बंद झाले की ते तिथेच राहतात.
- पीपीएफ सॉफ्टवेअरने आधीच कापलेली आहे की गाडीवर ब्लेडने कापणार, हे विचारा. गाडीवर कापताना ब्लेड पेंटला लागू शकतं.
- बॉक्सवरचा रोल नंबर बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटी कंपनीच्या साइटवर तुमच्या गाडीच्या नंबराने नोंदवली का ते तिथेच तपासा.
- वॉरंटीत काय येतं ते वाचा. पिवळं पडणं, फुगे येणं, सोलणं येतं. ओरखडे आणि अपघात बहुधा येत नाहीत.
- काचेची फिल्म लावली तर दोन-चार दिवस काचा खाली करू नका. बिलावर व्हीएलटी लिहून घ्या आणि लावल्यावर मीटरने मोजून दाखवायला सांगा. मीटर नाही म्हणाले तर दुकान बदला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पीपीएफवर पुन्हा सिरॅमिक कोटिंग करावं का? धुणं सोपं होतं, पण गरजेचं नाही. चांगल्या पीपीएफच्या वरच्या थरावरून पाणी तसंही घरंगळतं.

छोटा ओरखडा पडला तर विम्याचा क्लेम करू? आधी हिशेब करा. क्लेम न केल्यास पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस मिळतो. एका छोट्या क्लेमने तो शून्यावर येतो. अपघातात पीपीएफचा खर्च मिळेल का हेही विमा कंपनीला आधीच विचारून ठेवा.

कव्हर घातलं तर? धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की तेच कव्हर ओरखडे पाडतं. स्वच्छ गाडीवरच घाला.

शेवटी आम्ही काय केलं?

पॅकेज घेतलं नाही. आमच्या सोसायटीतल्या दादांना दोन मायक्रोफायबर कापडं, एक शाम्पूची बाटली आणि दुसरी बादली दिली. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं. महिन्याला दोनशे रुपये वाढवले आणि एकच विनंती केली: पाणी नसेल त्या दिवशी धूळ असू द्या, कोरडं पुसू नका. दोन महिन्यांनी बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या भागाला टीपीयूची पीपीएफ लावली, कारण आम्ही महिन्यातून तीन-चारदा सोलापूरला जातो. काचा आहेत तशाच ठेवल्या. सनशेड घेतला. बाबांसाठी डॉक्टरांना विचारून चांगला गॉगल घेतला.

एकूण खर्च त्या छापील कागदाच्या निम्म्याहून कमी झाला, आणि लोनमध्ये एक रुपयाही गेला नाही. बॉनेटवर फिल्मच्या मागच्या भागात एक टवका पडलाय, सोलापूर रोडवरचा. आधी रोज दिसायचा. आता बाबा तो दाखवून पाहुण्यांना पीपीएफ म्हणजे काय ते समजावतात.